पुस्तकातलं घर

१९१९ साली न्यूयॉर्कच्या ‘क्रायसिस’ या मासिकात संपादकांनी आपल्याला आलेल्या एका पत्राचा उल्लेख केला. पत्र बारा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीचं होतं. गोरा माणूस माझा जेवढा द्वेष करतो तेवढाच, किंबहुना जास्तच, मी त्याचा करते, असं तिनं कळवलं होतं. संपादक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला, तेच हे विचारवंत. ते पत्र वाचून ते अस्वस्थ झाले. त्यांच्या मासिकाचा दरवर्षी एक बालविशेषांक निघत असे. त्यात हसऱ्या मुलांची छायाचित्रं असत आणि त्याच अंकात जमावानं झाडाला टांगलेल्या माणसांच्या बातम्याही द्याव्या लागत. बातमी दाबायची नाही आणि लेकरांच्या मनात विषही कालवायचं नाही, हे कसं साधायचं?

त्यांनी काढलेलं उत्तर म्हणजे मुलांचं स्वतंत्र मासिक. जानेवारी १९२० मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ सुरू झालं. ब्राउनी म्हणजे स्कॉटलंडच्या लोककथांतले, रात्री गुपचूप घरकाम उरकून जाणारे बुटके. त्या नावातच तपकिरी रंगही होता. पंधरा सेंटच्या या अंकाची वाङ्मयीन बाजू जेसी फॉसेट ही लेखिका सांभाळत असे. गोष्टी, कविता, थोरांची चरित्रं, जगातल्या घडामोडी आणि मुलांच्या पत्रांचं एक सदर, असा तो संसार होता. पुढे मोठे कवी झालेल्या लँग्स्टन ह्यूज यांच्या सुरुवातीच्या कविता इथंच छापल्या गेल्या. पण पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. डिसेंबर १९२१ मध्ये, चोवीस अंकांनंतर, मासिक बंद पडलं.

मासिक गेलं, प्रश्न राहिला. १९३७ साली ऑगस्टा बेकर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या १३५ व्या रस्त्यावरच्या वाचनालयात मुलांच्या ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या. वस्ती कृष्णवर्णीयांची, पण कपाटातल्या पुस्तकांत ही माणसं दिसायची ती बहुधा बावळट नोकर म्हणून, वेडीवाकडी भाषा बोलणारी. बेकरबाईंनी तक्रार करून हात झटकले नाहीत. चित्रं कशी आहेत, भाषा कशी आहे, कथेत या माणसांना मान आहे का, अशा कसोट्या लावून त्या पुस्तकं निवडू लागल्या. १९३९ साली त्यांचा संग्रह कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या नावानं उभा राहिला. प्रकाशकांनाही त्या सांगत राहिल्या की आमच्या मुलांसाठी चांगली पुस्तकं काढा.

सगळ्या देशाला हिशेब कळला तो १९६५ मध्ये. एका शिशुशाळेत पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीनं विचारलं होतं, की पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का असतात? नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी तो प्रश्न मनावर घेतला आणि चक्क मोजणी केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ पुस्तकं. त्यांपैकी ज्यांत निदान एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती, अशी फक्त ३४९. शंभरात सातसुद्धा नाहीत. त्यातही आजच्या काळातल्या, अमेरिकेतच राहणाऱ्या कृष्णवर्णीयांची गोष्ट सांगणारी पुस्तकं शंभरात एकही भरत नव्हती.

मात्र चित्रातला चेहरा रंगवून भागत नाही. मुलीला घर लागतं. रागावणारी आई लागते, आजी लागते, हाक मारली की धावून येणारी आळी लागते. ते घर मिल्ड्रेड टेलर यांनी दिलं. वडिलांकडून ऐकलेल्या घराण्याच्या हकिकतींतून त्यांनी १९७६ साली ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ ही कादंबरी लिहिली. १९७७ चं न्यूबेरी पदक तिला मिळालं.

कादंबरी घडते १९३३ सालच्या मिसिसिपी राज्यात. नऊ वर्षांची कॅसी लोगन ती सांगते. घरची चारशे एकर जमीन टिकावी म्हणून वडील परमुलखात रेल्वेच्या कामावर गेलेले. शाळेच्या पहिल्याच दिवशी मुलांना मळकी, फाटकी पुस्तकं मिळतात. कॅसीच्या सहा वर्षांच्या भावाला टापटिपीची भारी हौस. तो चांगली प्रत मागतो, बाई नाही म्हणतात. मग त्याला आतल्या पानावर एक तक्ता दिसतो : पुस्तक कधी दिलं, कोणत्या अवस्थेत, कोणत्या वंशाच्या मुलाला. नवं होतं तेव्हापासून ते गोऱ्या मुलांनी वापरलं. पार खिळखिळं झाल्यावर शेवटच्या ओळीत काळ्या मुलांची पाळी, तीही हिणवणाऱ्या शब्दासह. पोरगा पुस्तक फेकून पायाखाली तुडवतो. दोघा भावंडांना छड्या बसतात. त्यांची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती काही भाषण देत नाही. कागद कापते, खळ लावते आणि तो तक्ता झाकून टाकते.

१९१९ च्या त्या पत्राला दिलेलं हे उत्तरच वाटतं मला. अपमान लपवलेला नाही आणि मुलीला एकटंही सोडलेलं नाही.

पुढे वाट रुंदावली, पण सावकाश. विस्कॉन्सिनच्या एका बालग्रंथ केंद्रानं १९८५ साली मोजलं, तेव्हा वर्षाच्या सुमारे अडीच हजार बालपुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची फक्त १८ निघाली. १९९१ मध्ये फेथ रिंगगोल्ड यांच्या ‘टार बीच’मधली छोटी कॅसी हार्लेमच्या गच्चीवरून आकाशात उडाली. खाली आई, वडील आणि शेजारी जेवायला बसलेले. आणि २०१५ च्या अखेरीस मार्ली डायस या न्यू जर्सीच्या शाळकरी मुलीनं, शाळेत वाचायला मिळणारी पुस्तकं गोरी मुलं आणि त्यांच्या कुत्र्यांचीच असतात म्हणून, कृष्णवर्णीय नायिकांची हजार पुस्तकं गोळा करायचा चंग बांधला. हजाराच्या कितीतरी पुढे ती गेली.

मिळालेलं टिकतंच असंही नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या सेंट्रल यॉर्कच्या शाळामंडळानं २०२० मध्ये पुस्तकांची एक यादीच गोठवली. तीत रोझा पार्क्स यांच्यावरचं बालपुस्तकही होतं. विद्यार्थी रोज शाळेबाहेर उभे राहिले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाला निर्णय फिरवावा लागला. ती पुस्तकं परत मिळवली, ती वाचणाऱ्या मुलांनीच.