तापलेली तार

किती हवा आत आली हे कळलं, तरच पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. बॉशच्या १९७३ च्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवा एक झडप ढकलायची. (एल म्हणजे 'लुफ्ट', जर्मनमध्ये हवा.) पण झडपेला कळतं घनफळ, वस्तुमान नाही. डोंगर चढलं की हवा विरळ, आणि गणित बदललं!

उत्तर मात्र जुनंच होतं. वाऱ्यात तापलेली तार किती उष्णता गमावते याचं सूत्र एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्येच मांडलं होतं. १९८० च्या दशकात बॉशच्या एलएच-जेट्रॉनिकने तेच वापरलं; व्होल्वो २४० मध्ये ते होतं. तारेवर मळ बसला की ती हवा कमी दाखवते, पेट्रोल कमी पडतं, गाडी ओढत नाही. म्हणून इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर लालबुंद तापवून मळ जाळला जायचा. काय डोकं आहे!

माझ्या जुन्या गाडीच्या फिल्मवाल्या सेन्सरला ही सोय नाही. मग ते काम माझं: आधी पाइपची गळती बघायची, मग सेन्सरसाठीचाच स्प्रे मारायचा, बोट अजिबात लावायचं नाही, पूर्ण वाळू द्यायचं. तरी जमलं नाही, तरच नवा सेन्सर. मेकॅनिक 'बदलूनच टाका' म्हणेल, तेव्हा एवढं आठवा.