कंपनीचा संघ, शहराचा संघ

आमच्या ओव्यात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या पाठीवर मेस्सी, रोनाल्डो अशी नावं दिसतात. मुंबईच्या जुन्या संघांची नावं मात्र त्यांना सांगावी लागतात. म्हणून आज ती सांगतो.

१९६२ साली महिंद्रा कंपनीनं फुटबॉल संघ उभा केला. तेव्हा संघ असत ते बँकांचे, रेल्वेचे, कारखान्यांचे. खेळाडूला नोकरी मिळे. खेळ संपला तरी पगार राही. पुढे हाच संघ ‘महिंद्रा युनायटेड’ झाला आणि २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकला.

२००७ साली आय-लीग सुरू झाली. त्याच वर्षी एस्सेल समूहानं ‘मुंबई एफसी’ काढला. नाव शहराचं, मैदान कूपरेजचं, प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड बूथ. २००८ साली दुसरी श्रेणी जिंकून संघ वर आला. इथं नोकरी नव्हती, करार होता.

महिंद्रानं २०१० साली संघ बंद केला. मुंबई एफसी २०१७ साली खाली घसरला, तो पुन्हा वर आलाच नाही. नाव कंपनीचं असो वा शहराचं, किल्ली मालकाच्याच खिशात!

तरीही सगळं वाया गेलं नाही. खालिद जमील या दोन्ही संघांत होते. दुखापतीनं खेळ थांबला, तेव्हा २००९ साली मुंबई एफसीनं त्यांना प्रशिक्षक केलं. २०१७मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐजॉलला आय-लीग जिंकून दिली; २०२५मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. पण प्रत्येक खेळाडूला अशी दुसरी संधी मिळत नाही. संघ काढणाऱ्यानं पहिल्याच दिवशी त्याचाही विचार करायला हवा.