‘डेथ’ : कंपनीने सोडलेला आणि रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी जगवलेला बँड

पंक रॉकचा विषय निघाला की दोन नावं ठरलेली. न्यूयॉर्कचा ‘रमोन्स’ आणि लंडनचा ‘सेक्स पिस्टल्स’. त्यांचे पहिले अल्बम आले १९७६ आणि १९७७ साली. पण त्याच्या आधी, १९७५ मध्येच, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात तीन कृष्णवर्णीय भावांनी तसाच वेगवान, चिडलेला रॉक रेकॉर्ड करून ठेवला होता. त्यांच्या बँडचं नाव होतं ‘डेथ’. हे २००९ पर्यंत फार थोड्यांना माहीत होतं.

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हे तीन हॅकनी भाऊ. डेव्हिड गिटार वाजवायचा, बॉबी बेस वाजवत गायचा, डॅनिस ड्रम्सवर. डेट्रॉइट म्हणजे मोटाउन कंपनीचं गाव. तिथल्या कृष्णवर्णीय पोरांनी सोल किंवा फंक वाजवावं, अशीच सगळ्यांची अपेक्षा. हे तिघंही आधी ‘रॉक फायर फंक एक्सप्रेस’ या नावाने फंकच वाजवायचे. पण ‘द हू’ आणि अॅलिस कूपर यांचे कार्यक्रम पाहिले आणि डेव्हिडचं डोकं फिरलं. आता वाजवायचा तर रॉकच, असं त्याने ठरवलं. शेजारीपाजारी वैतागले.

त्याच सुमारास त्यांचे वडील अपघातात गेले. मृत्यू म्हणजे शेवट नाही, त्याकडे चांगल्या अर्थानेही पाहता येतं, असं डेव्हिडच्या मनाने घेतलं. बँडचं नाव ‘डेथ’ त्यातून आलं.

या नावानेच पुढे घात केला. डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत सात गाणी रेकॉर्ड झाली. न्यूयॉर्कचे बडे रेकॉर्ड कंपनीवाले क्लाइव्ह डेव्हिस यांना ती आवडली. अट एकच, नाव बदला. भाऊ सांगतात की बाकीचे दोघं तयार झालेही असते, पण डेव्हिड हटला नाही. व्यवहार फिसकटला. आज हा हट्ट शूरपणाचा वाटतो. तेव्हा घरात तो तसा वाटला असेल का, याची शंकाच आहे.

मग १९७६ मध्ये भावांनी स्वतःच्या ‘ट्रायअँगल’ या लेबलवर एक सिंगल काढली. एका बाजूला ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’, दुसऱ्या बाजूला ‘कीप ऑन नॉकिंग’. प्रती फक्त ५००. रेडिओने फारशी दाद दिली नाही. १९७७ मध्ये तिघांनी डेट्रॉइट सोडलं आणि ते व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला गेले. तिथे ‘द फोर्थ मूव्हमेंट’ नावाने भक्तिपर रॉक वाजवून पाहिलं. पुढे डेव्हिड डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिसने ‘लॅम्ब्सब्रेड’ हा रेगे बँड काढला, संसार थाटले. ‘डेथ’चा विषय घरात बंद झाला, इतका की बॉबीच्या मुलांनाही त्याची कल्पना नव्हती.

पण ५०० रेकॉर्ड्स कुठेतरी होत्याच. अशा तबकड्या जुन्या सामानाच्या खोक्यांत जातात आणि तिथे त्यांना गाठणारी एक वेगळीच जमात असते. या मंडळींना गाजलेल्या बँडचं कौतुक कमी. कोणालाच ठाऊक नसलेली एखादी सिंगल सापडली की ती मित्राला ऐकवायची, त्याने तिसऱ्याला सांगायचं, बदल्यात त्याच्याकडची एखादी घ्यायची, यातच त्यांचा जीव. ‘हे ऐकलंयस का?’ या एका प्रश्नावर हा सगळा कारभार चालतो. ‘डेथ’ची सिंगल अशीच हातोहात फिरली आणि तिची किंमत शेकडो डॉलरवर गेली. इंटरनेट आल्यावर कोणीतरी त्या गाण्यांच्या एमपीथ्री करून टाकल्या आणि ५०० प्रतींची मर्यादाच संपली.

त्यातूनच ती गाणी कॅलिफोर्नियातल्या एका पार्टीत वाजली. तिथे बॉबीचा मुलगा होता. गाणाऱ्याचा आवाज त्याला ओळखीचा वाटला. तो आवाज वडिलांचा होता! त्याने घरी फोन लावला. मूळ टेप बॉबीकडेच होत्या. जग एक दिवस या गाण्यांच्या शोधात येईल, तेव्हा त्या जपून ठेव, असं सांगून डेव्हिडने त्या त्याच्या हवाली केल्या होत्या.

२००९ मध्ये ड्रॅग सिटी या कंपनीने ती सातही गाणी ‘फॉर द होल वर्ल्ड टू सी’ या नावाने काढली. २०१२ मध्ये ‘अ बँड कॉल्ड डेथ’ हा माहितीपट आला. बॉबी आणि डॅनिस नव्या गिटारवादकाला घेऊन पुन्हा मंचावर उभे राहिले.

डेव्हिडला यातलं काहीच दिसलं नाही. तो २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. बॉबीची मुलं आता ‘रफ फ्रान्सिस’ नावाच्या बँडमधून वाजवतात. ‘रफ फ्रान्सिस’ हे डेव्हिडने स्वतःच्या गाण्यांसाठी घेतलेलं टोपणनाव.