आरे जंगल होतं की नव्हतं? मुंबईच्या भांडणातून तिसगावकरांनी काय घ्यावं

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या तपोवनातल्या झाडांचा विषय निघाला. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी शेकडो झाडांवर खुणा झाल्या, नाशिककर रस्त्यावर आले, सयाजी शिंदेंनी आवाज उठवला, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. त्या वेळी आपल्याकडे चहाच्या टपरीवर दोनच मतं ऐकू येत होती. एक म्हणायचा, "सोयी पाहिजेत तर झाडं जाणारच." दुसरा म्हणायचा, "एका झाडाला हात लावू देऊ नका." दोघंही पोटतिडकीने बोलत होते. पण या दोन्ही मतांच्या आधीचा एक प्रश्न असतो, तो कुणी विचारत नव्हतं. ती जमीन कागदावर काय आहे?

हा प्रश्न किती महागात पडतो ते बघायचं तर मुंबईच्या आरेचा इतिहास वाचावा. कारशेडचं भांडण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. त्याच्या आधीची सत्तर वर्षं फार कमी लोकांना माहीत आहेत.

आपला जिल्हा दुधाचा, त्यामुळे "आरे" हे नाव आपल्याला दुधाच्या स्टॉलमुळे ठाऊक. ते नाव गोरेगावजवळच्या या जागेचं. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर न्यायचे आणि मुंबईला स्वच्छ दूध द्यायचं म्हणून १९४९ मध्ये सरकारने तिथे दुग्ध वसाहत उभी केली. दारा खुरोडी हे त्यामागचे मुख्य अधिकारी. पुढे १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५१ मध्ये पंडित नेहरू वसाहतीच्या कार्यक्रमाला आले होते. एकूण जमीन सुमारे ३,१६० एकर. वारली आणि इतर आदिवासींचे पाडे वसाहतीच्या आधीपासून तिथे आहेत.

म्हणजे सरकारदरबारी ही जमीन दुग्धविकास खात्याची, म्हशींची आणि वैरणीची. झाडं लावलेली, उगवलेली, वाढलेली. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून बिबटे ये-जा करायचे. पण कागदावर "वन" हा शब्द नाही. ज्या जमिनीला पक्कं नाव नसतं तिच्यातून लचके तोडणं सोपं जातं. १९७७ मध्ये चित्रनगरी आली, पुढे फोर्स वनच्या कमांडोंना जागा गेली. प्रत्येक वेळी कारण रास्तच होतं. प्रत्येक वेळी तुकडा तेवढा कमी झाला.

१९९६ साली एक संधी आली होती. त्या वर्षी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितलं की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्याला वन संवर्धन कायदा लागू होईल. राज्यांनी अशा जमिनी शोधून काढायच्या होत्या. आरेचं नाव मात्र वन म्हणून पक्कं झालं नाही. तेव्हा ना मोर्चा होता ना कॅमेरे, कुणाला घाई नव्हती.

मग मेट्रो आली. कुलाबा-वांद्रे-सीप्झ, ३३.५ किलोमीटर, जवळपास सगळी भुयारी. गाड्या उभ्या करायला आणि दुरुस्त करायला कारशेड लागतं, त्यासाठी आरेतली सुमारे ३० हेक्टर जागा धरली. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, त्यातून ही जागा वगळली. २०१७ मध्ये विकास आराखड्यात ना-विकास क्षेत्राचं कारशेड झालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आरेला जंगल ठरवा ही मागणी उच्च न्यायालयाने फेटाळली. लोकांनी वृक्ष प्राधिकरणाकडे हजारो हरकती दिल्या, तरी २९ ऑगस्ट २०१९ ला परवानगी मिळाली.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने सोमवारी, ७ तारखेला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं पडली होती. न्यायालयाला सांगण्यात आलं, पाडायची तेवढी पाडून झाली.

आता खरी मेख बघा. २०१९ मध्ये सरकारचं ठाम म्हणणं होतं की आरे जंगल नाही. सरकार बदललं. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच आरेतली ६०० एकर जमीन राखीव वन करायचं ठरलं, पुढच्याच महिन्यात आकडा सुमारे ८०० एकरांवर गेला. एका वर्षात झाडं काही हातभर उंच झाली नव्हती. बिबट्याने काही नवा मुक्काम केला नव्हता. बदलला तो कागद. जे काम १९९६ पासून होऊ शकत होतं ते महिन्याभरात झालं. फक्त २,१४१ झाडं गेल्यावर झालं.

विकासवाल्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. लोकलच्या दारात लोंबकळून माणसं मरतात, त्या शहराला मेट्रो हवीच होती. आपली तिसगाव-पाथर्डीची कितीतरी पोरं तिकडे पोटाला गेलीत, तीही त्याच गर्दीत असतात. कारशेड कांजूरमार्गला नेलं, तर तिथल्या जमिनीच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य भांडले आणि १६ डिसेंबर २०२० ला उच्च न्यायालयाने काम थांबवलं. ३० जून २०२२ ला नवं सरकार आलं आणि कारशेड परत आरेत. मूळ २३,१३६ कोटींचा प्रकल्प ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. सगळी वाढ कारशेडमुळे झाली असं कुणी म्हणू नये, पण उशिराचा भुर्दंड जनतेच्याच खिशातून गेला.

नियम पाळण्यात यंत्रणाही कमी पडली. सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांची मुभा दिली होती, मेट्रो कंपनी १७७ झाडांसाठी प्राधिकरणाकडे गेली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने १० लाखांचा दंड केला, पण काम अडू नये म्हणून १७७ झाडांना परवानगीही दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो धावली, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. आज लोक तिने सुखाने जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मेट्रो गरजेची होती, आणि जमिनीचा दर्जा वेळेत ठरला असता तर जागेचा वाद पहिल्याच वर्षी मिटला असता.

आता कुणी म्हणेल, मुंबईचं रामायण आम्हाला कशाला?

कशाला म्हणजे, आपल्याकडे तर तेवढाही कागद नाही. वृक्ष प्राधिकरण, हरकती, सुनावणी हे सगळं १९७५ च्या ज्या कायद्यात आहे तो महापालिका आणि नगरपालिकांसाठी. तिसगाव ग्रामपंचायत आहे. आपल्याला १९६४ चा झाडतोड कायदा, आणि त्यात ठराविक जातींच्याच झाडांचा विचार. उद्या आपल्या गायरानावर एखादा प्रकल्प, गोदाम नाहीतर प्लॉटिंग आलं, तर हरकत घ्यायला खिडकी कुठली?

करंजी घाटापासून पाथर्डीपर्यंत महामार्ग कित्येक वर्षं रखडला, धुळीने आपण बेजार झालो. रस्ता पाहिजेच होता, त्यात दुमत नाही. पण रस्त्याकडेच्या जुन्या झाडांपैकी किती गेली, त्या बदल्यात किती लावली आणि त्यातली किती जगली, हे गावात कुणाला विचारा. आकडा कुणीच सांगणार नाही. कारण आधी मोजलंच नव्हतं.

जंगल म्हटलं की आपल्या मनात नुसती हिरवाई येत नाही, हेही मान्य. २०२० मध्ये मढी-केळवंडी भागात बिबट्याने लेकरं नेली, ती भीती अजून गेलेली नाही. दिवाळीत २०२२ ला आरेतही एका चिमुकलीचा जीव गेला. म्हणून गर्भगिरीचा डोंगर आणि गावाची वस्ती यांच्यामध्ये कुठली जागा कशासाठी ठेवायची, हे शांतपणे बसून ठरवायला हवं. अपघात झाल्यावर किंवा मशीन आल्यावर ते ठरत नाही.

आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने ते करून दाखवलंय. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या काळात गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत ठरवली आणि पाळली. त्यांच्या डोंगरावर झाडी आली ती निर्णय पाळल्यामुळे आली, पाऊस काही त्यांच्याकडे जास्त पडत नाही.

आपण काय करू शकतो? तीन साध्या गोष्टी.

एक, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. ग्रामसभेत ती नोंदवही बघायला मागा. त्यात आपले वड, पिंपळ, ओढ्याकाठची झाडी आहे का ते वाचा. नसेल तर घालायला लावा.

दोन, गायरानाचा सातबारा आणि नकाशा काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी वाचवायला सांगितलंय. पण हद्दच माहीत नसेल तर वाचवायचं काय?

तीन, शेतकरी मंडळींनी ई-पीक पाहणी करताना बांधावरची झाडंही नोंदवावी. पाच मिनिटांचं काम आहे. पुढे भूसंपादन झालं तर मोबदल्याच्या वेळी तीच नोंद उपयोगी पडते.

यात कुणाच्या विरोधात जायचं नाही. उद्या एखादा चांगला प्रकल्प आला तर गावाने जागा जरूर द्यावी. पण काय देतोय, किती देतोय आणि मागे काय उरतंय, हे माहीत असून द्यावी. आरेत सरकारं आली-गेली, न्यायालयं झाली, आंदोलनं झाली. २,१४१ झाडांना मात्र त्यातला कुठलाच निकाल वेळेवर मिळाला नाही.

पुढच्या ग्रामसभेची तारीख लागली की इथे टाकतो. सातबारा ज्यांना काढता येतो त्यांनी खाली सांगा, गायरानाचे गट नंबर मिळून शोधू. सरपंच-उपसरपंचांनीही ही पोस्ट वाचावी ही विनंती. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर का नाही ते लिहा.