चक्कर येते तीच हालचाल करा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मोठी माणसे चेंडू झेलत होती. एक जण मधोमध उभा राही आणि बाकीचे त्याच्याभोवती गोल फिरत. मधल्याने चेंडू टाकायचा, फिरणाऱ्याने चालता चालता तो झेलायचा आणि परत द्यायचा. यांतल्या कोणाच्या डोक्याला मार बसला होता, कोणाच्या आतल्या कानाची शस्त्रक्रिया झाली होती. मान जराशी वळवली तरी खोली गरगरायची. अशा रुग्णाने डोके न हलवता पडून राहावे, ही तोवरची रीत. इथे मात्र त्याला मुद्दाम वाकवले, वळवले, चालवले जात होते.

या उलट्या उपचारामागे एक साधे निरीक्षण होते. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक टेरेन्स कॉथॉर्न मेनिएर या आतल्या कानाच्या विकाराच्या असह्य अवस्थेत दुखऱ्या बाजूचे तोल सांभाळणारे इंद्रिय शस्त्रक्रियेने निकामी करत. त्यानंतर काही दिवस रुग्णाची अवस्था फार वाईट असे. पण जे रुग्ण लवकर उठून हिंडू-फिरू लागत ते लवकर सावरत, आणि जे भीतीने मान आखडून बसत त्यांचे दुखणे लांबे, हे कॉथॉर्न यांनी हेरले. त्याच रुग्णालयातले व्यायामोपचाराचे डॉक्टर कुक्सी यांनी त्यावरून व्यायामांचा चढता क्रम बांधला. १९४६ मध्ये दोघांचे निबंध रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या कार्यवृत्तात पाठोपाठ छापून आले.

व्यायामांची सुरुवात अंथरुणातच होई. आधी फक्त डोळे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवायचे. मग हाताचे बोट तीन फुटांवरून एका फुटावर आणताना नजर त्यावर खिळवून ठेवायची. पुढे मान हलवायची, आधी सावकाश, नंतर भरभर, शेवटी डोळे मिटून. बसता येऊ लागले की वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची. उभे राहता आले की छोटा चेंडू डोळ्यांच्या वर एका हातातून दुसऱ्या हातात टाकायचा. त्यानंतर खोलीतून चालणे, उतारावर चढ-उतर, जिना. तेही आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. सगळे घोळक्याने करायचे आणि गर्दी-गोंगाटाचीही सवय करून घ्यायची. चक्कर आणणारी हालचाल टाळायची नाही, सोसेल एवढी पुन्हा पुन्हा करायची, हा साऱ्याचा गाभा.

ही गोष्ट सुचायला इतका वेळ लागला, कारण चक्कर कुठून येते यावरच फार काळ घोळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण मानली जाई, आणि रक्त काढणे, जळवा लावणे हे तिच्यावरचे उपाय होते. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी जानेवारी १८६१ मध्ये तिथल्या वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला. गरगरणे, कानात आवाज आणि बहिरेपणा एकत्र येतात तेव्हा दोष मेंदूत नसून आतल्या कानात असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला आधार होता तो १८२०च्या दशकात फ्लूरेन्स यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांचा. कानातली आडवी अर्धवर्तुळाकार नलिका कापली की कबुतर गोल गोल फिरू लागे. मेनिएर यांच्या निबंधाचे स्वागत थंडच झाले आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना पुढचा धागा कान धुताना सापडला. पाणी गार असले की रुग्णाला गरगरे आणि त्याचे डोळे झटके देत एका दिशेला सरकत. पाणी फार गरम असले तरी तेच होई, पण झटक्यांची दिशा उलटी. तापमानाच्या फरकाने नलिकेतला द्रव हलतो, हे त्यांनी त्यावरून ताडले, आणि प्रत्येक कान वेगळा तपासण्याची सोय झाली. या कामाला १९१४ चे नोबेल मिळाले तेव्हा बारानी रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केल्यावर १९१६ मध्ये ते सुटले.

दोन्ही कानांतले तोलाचे मज्जातंतू आपण स्वस्थ असतानाही सारख्या गतीने संदेश पाठवत असतात. एक बाजू मंदावली की मेंदूला वाटते, डोके फिरते आहे. मेंदू हा हिशेब नव्याने जुळवू शकतो, मात्र त्यासाठी त्याला चूक दिसावी लागते. डोके हलते, नजर घसरते, आणि त्या घसरणीवरून दुरुस्ती होते. पडून राहिलेल्या माणसाच्या मेंदूला ही संधीच मिळत नाही.

दोन्ही बाजू गेल्या तर काय होते, हे एका अमेरिकन डॉक्टरने ‘जे. सी.’ या आद्याक्षरांनी १९५२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिले. क्षयासाठी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने त्यांच्या दोन्ही कानांतले तोलाचे इंद्रिय निकामी केले होते. डोके हलले की डोळ्यांनी तेवढेच उलट हलून चित्र स्थिर ठेवायचे, ही सोय संपली. नाडीच्या ठोक्यानेही पुस्तकातली अक्षरे नाचत. वाचता यावे म्हणून ते पलंगाच्या डोक्याकडच्या दोन गजांमध्ये डोके घट्ट दाबून धरत. पुढे डोळे आणि पायांवर विसंबून ते चालायला शिकले. भारतातही क्षयाच्या लाखो रुग्णांनी हे इंजेक्शन घेतले, आणि ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही तयार होई. जीव वाचवणाऱ्या या औषधाची कानावरची किंमत इथल्या डॉक्टरांनाही चांगली ठाऊक होती.

चक्करीचा सर्वांत सामान्य प्रकार मात्र कॉथॉर्न-कुक्सींच्या व्यायामांच्या तक्त्यात नीट बसत नव्हता. कूस बदलताना, वरच्या फळीकडे पाहताना काही सेकंद सगळे गरगरते आणि थांबते. बारानी यांनी १९२१ मध्ये असा रुग्ण नोंदवला होता. १९५२ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयातून मार्गारेट डिक्स आणि तेव्हाच्या ब्रिटिश भारतात मरी इथे जन्मलेले चार्ल्स हॉलपाइक यांनी अशा १०० रुग्णांचा अभ्यास मांडला. रुग्णाची मान एका बाजूला वळवायची, त्याला झटकन पाठीवर निजवून डोके पलंगाच्या कडेखाली सोडायचे आणि डोळे पाहत राहायचे. काही सेकंद काहीच होत नाही, मग बुबुळे झटके देऊ लागतात. ही तपासणी आज त्या दोघांच्या नावाने चालते.

कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक आपल्या जागेवरून सुटून नलिकेत शिरल्याने हे होते, ही समजूत नंतरच्या तीन-चार दशकांत पक्की होत गेली. १९८० मध्ये ब्रांट आणि डॅरॉफ यांनी पलंगावर आलटून पालटून दोन्ही कुशींवर पडण्याचा व्यायाम सुचवला. फ्रान्सचे फिजिओथेरपिस्ट अलाँ सेमाँ यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णाला एका कुशीवरून दुसरीकडे झटक्यात नेणारी पद्धत १९८८ मध्ये प्रसिद्ध केली.

अमेरिकेत पोर्टलंडचे जॉन एप्ली यांनी नलिकेचे प्रारूप प्लास्टिकच्या नळीने बनवले आणि आत छर्रे घालून ते फिरवून पाहिले. कण बाहेर यायला डोके कोणत्या क्रमाने वळवावे लागेल, हे त्यातून उमगले. बाधित बाजूला मान वळवून रुग्णाला निजवायचे, मग मान दुसरीकडे वळवायची, मग जवळजवळ जमिनीकडे तोंड होईल असे कुशीवर न्यायचे आणि शेवटी उठवून बसवायचे. पाच-सात मिनिटांचे काम. १९८० मध्ये त्यांनी हे समव्यवसायींपुढे मांडले तेव्हा ते हसण्यावारी गेले, आणि निबंध छापून यायला १९९२ उजाडले. पुढे त्यांच्या राज्याच्या वैद्यक मंडळाने त्यांच्या पद्धतींची चौकशीही सुरू केली. त्यातून ते २००१ मध्ये निर्दोष सुटले.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे शिक्षण रुजले ते १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, परळच्या केईएम रुग्णालयात. जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मदत होती. त्यामुळे लुळे पडलेले पाय, मोडलेली हाडे, अर्धांगवायू हीच या व्यवसायाची ओळख बनली. कानामुळे जाणारा तोल सावरण्याचे काम फार नंतर आले. अजूनही भोवळ आली की आधी बीपी आणि शुगर पाहतात, मग मानेचा एक्स-रे काढतात आणि चक्करीची गोळी सुरू होते. ही गोळी पहिल्या दोन-चार दिवसांत उलट्या आणि गरगरणे आवरते. महिनोन्महिने घेतली तर मेंदूची हिशेब जुळवण्याची क्रिया मंदावते.

कॉथॉर्न-कुक्सींचा तक्ता आजही अनेक ओपीडींत झेरॉक्सच्या रूपात हाती पडतो. जाणकार फिजिओथेरपिस्ट मात्र तो सरसकट देत नाहीत. कण सुटल्याची चक्कर असेल, तर आठवडे घाम गाळण्याऐवजी एप्लींची एक-दोन आवर्तने बहुधा पुरतात. एका कानाची शक्ती गेली असेल, तर भिंतीवरच्या अक्षरावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवण्यापासून सुरुवात होते. आणि गरगरण्याबरोबर बोलणे अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असेल किंवा हात-पाय लटके पडत असतील, तर मेंदूच्या झटक्याच्या शंकेने रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात धाडले जाते.