कातडे, खारवा आणि रेक्झिन: हिंगोलीच्या मुलखातील अद्भुतकथांची बांधणी

अद्भुतकथेचे पुस्तक मोजक्या प्रतींत छापावे, कमावलेल्या कातड्यात बांधावे आणि रसिकांनी ते वाचनापेक्षा संग्रहासाठी घ्यावे, ही चाल इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठळक झाली. आधुनिक अद्भुतकादंबरीच्या आद्य लेखकांत गणला जाणारा विल्यम मॉरिस हा स्वतः मुद्रकही होता. 1891 ते 1898 या काळात चाललेल्या त्याच्या केल्मस्कॉट छापखान्यातून 1896 साली ‘द वेल ॲट द वर्ल्ड्स एंड’ ही कादंबरी निघाली, तेव्हा तिच्या कागदावरील प्रती फक्त 350 होत्या, आठ प्रती व्हेलमवर, म्हणजे वासराचे कातडे घासून-ताणून केलेल्या पत्र्यांवर, छापल्या होत्या, आणि कागदी प्रतींचे वेष्टनही व्हेलमचेच होते. लंडनची फोलिओ सोसायटी (स्थापना 1947) आणि अमेरिकेतील ईस्टन प्रेस यांच्या आजच्या विशेष आवृत्त्या याच परंपरेतल्या आहेत. ज्या मुलखात गाईच्या कातड्याचा पोथीला स्पर्श होणे हीच मुळात कल्पनेबाहेरची गोष्ट होती, तेथे मौल्यवान प्रत म्हणजे काय याची व्याख्या वेगळी झाली, आणि हिंगोलीचा मुलूख त्याचे चांगले उदाहरण आहे.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा अद्भुतकथांना पारखा कधीच नव्हता. संत नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान नर्सी याच जिल्ह्यात आहे, आणि औंढा नागनाथाच्या देवळाशी त्यांच्या गुरूंची, विसोबा खेचरांची, कथा जोडलेली आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे घालवले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही आख्यायिकाही परंपरा औंढ्यालाच लावते. अशा कथांना एकत्र ग्रंथरूप दिले ते महिपतींनी. त्यांचा 57 अध्यायांचा ‘भक्तविजय’ शके 1684 मध्ये, म्हणजे 1762 साली, पूर्ण झाला. निखळ अद्भुताच्या दृष्टीने मात्र शके 1741 (1819) मधील ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ त्याहून पुढचा आहे. मंत्र म्हणता म्हणता चिखलाच्या बाहुल्यात जीव येऊन गहिनीनाथ जन्मतो, डोंगर सोन्याचा होतो, अस्त्रांवर अस्त्रे सुटतात. पाश्चात्य वाचक ज्याला ‘फँटसी’ म्हणतो त्याचे जवळजवळ सारे साहित्य येथे आहे, फरक एवढाच की ते देवघरात ठेवून सोवळ्याने वाचायचे आहे.

देवघरातील या जागेनेच बांधणी ठरवली. हस्तलिखित पोथी ही आडव्या, लांबट, सुट्या पानांची असे. बोरूने आणि काजळीच्या शाईने लिहिलेल्या ओळींच्या दोन्ही बाजूंना तांबड्या रेघांचे समास सोडलेले असत आणि चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासून ती झाकलेली असत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार याच कामातून आलेला आहे. पाने शिवत नसत. त्यांच्या वर-खाली लाकडी फळ्या ठेवून, सगळे चौकोनी रुमालात गुंडाळून, दोरीने आवळून बांधत. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना आणि दफ्तरांना वापरला जाणारा तांबडा खारवा, म्हणजे जाडसर रंगवलेले सुती कापड, पोथ्यांनाही चाले. अनेक लेखनिक पोथीच्या शेवटी एक संस्कृत विनंती लिहून ठेवत: ग्रंथाला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपावे, आणि तो मूर्खाच्या हाती देऊ नये. यातली सैल बांधणीची धास्ती लक्षात घेण्याजोगी आहे, कारण सुट्या पानांच्या पोथीत दोरी ढिली पडली की अध्यायच्या अध्याय गहाळ होत. कातड्याचा विटाळ पोथीपुरता कडक होता. त्याच देवळात मृदंगाच्या पुडीचे कातडे मात्र खुशाल वाजे, ही विसंगती कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

वस्त्राने ग्रंथाचा मान राखण्याची रीत केवळ मराठी नाही. नामदेवांची 61 पदे ज्या आदिग्रंथात आहेत, तो शिखांचा ग्रंथही रुमाल्यातच झाकलेला असतो, आणि त्याचे एक मोठे पीठ, हुजूर साहिब, हिंगोलीला लागून असलेल्या नांदेडात आहे.

कातड्याची बांधणी या मुलखाला अनोळखी मात्र नव्हती, कारण सप्टेंबर 1948 पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्याची फार्सी-उर्दू ग्रंथसंस्कृती जिल्दीवर, म्हणजे चामड्याच्या शिवलेल्या बांधणीवर, उभी होती. जिल्दसाज पाने शिवून कणा बसवी, वरच्या कातड्यावर तुरंज नावाचा बदामी आकाराचा ठसा उठवी, आणि उत्तम प्रतीला डाव्या पुठ्ठ्यापासून निघून पानांच्या कडेवर दुमडणारी झडप ठेवी, जेणेकरून धूळ आत जाऊ नये. या संस्कृतीचे स्वतःचे अद्भुत होते. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 1883 पासून अमीर हम्जाच्या दास्तानीचे 46 खंड काढले. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही जादूगारांची अफाट कथा त्यांतलीच. एकाच बाजारपेठेत एका घरी नवनाथांची पोथी खारव्यात आणि दुसऱ्या घरी दास्तान जिल्दीत राहावी, अशी ही सरहद्द होती.

तिसरे पुस्तक छावणीतून आले. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामी फौजेचा तळ हिंगोलीस होता, आणि निजामाच्या नोकरीतील फिलिप मेडोज टेलर याने 1839 साली लंडनच्या रिचर्ड बेंटलीकडून तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा हरिसिंग हा प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाल्याची हकीकत आहे. त्याच्याशी आपणही व्यवहार केला होता, असे टेलर तेथे नोंदवतो. अशा त्रिखंडी कादंबऱ्या हौशी गिऱ्हाईक नंतर अर्ध्या-कातडी बांधणीत, म्हणजे कणा व कोपरे वासराच्या कातड्याचे आणि उरलेला पुठ्ठा कागदाचा, बांधून घेत. हिंगोलीचे नाव असलेला ग्रंथ विलायतेत संग्राह्य वस्तू ठरला तो असा.

मुद्रणाने पोथीचे रूप बदलले, पण जपून. छापील मराठीच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत, श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात 1814 साली मोडी टंकांनी छापलेल्या वैजनाथशास्त्रींच्या ‘सिंहासन बत्तिशी’चा समावेश होतो, तेव्हा अद्भुतकथा छापखान्यात लवकरच शिरली हे खरे, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी 1861 पासून मराठीत आणल्या तेव्हा तिला लौकिक वाचकही मिळाला. धार्मिक अद्भुताला मात्र छापाचाच विटाळ आडवा आला. मुंबईत 1831 साली शिळाछापाने, म्हणजे दगडावर उलटी अक्षरे काढून, पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातले असे सांगतात. शिळाछापाच्या पोथ्यांनी आडवे पान, सुटी पाने आणि समासाच्या रेघाही तशाच ठेवल्या. ग्राहकाला छापील वस्तू हवी होती, पण ती लिहिलेल्यासारखी दिसायला हवी होती.

या जपणुकीचा एक तोटा झाला, आणि तो मोठा आहे. पूजनाने ग्रंथ टिकला, प्रत टिकली नाही. कुंकू, तेल आणि रोजच्या पारायणाने झिजलेली पोथी नदीत विसर्जित करून नवी आणणे हेच शास्त्राला धरून मानले जाई, त्यामुळे 1867 पर्यंतच्या छापील पुस्तकांना, ज्यांना अभ्यासक मुद्रणकलेच्या पाळण्यातील म्हणून ‘दोलामुद्रिते’ म्हणतात, मराठवाड्यातील घरांत आयुष्य थोडे लाभले. लौकिक अद्भुतकथांची स्थिती आणखी वाईट: गुलबकावली, हातिमताई यांच्या स्वस्त प्रती ना देवघरात गेल्या, ना कपाटात, त्या हातोहात फाटल्या.

सोनेरी अक्षरांच्या जाड ‘विशेष’ प्रतीची आवड मराठी घरात शिरली ती रेक्झिनच्या वाटेने. रेक्झिन म्हणजे सेल्युलोजच्या लेपाने चामड्यासारखे केलेले सुती कापड. दिसण्यात जिल्द, मुळात खारवा; त्यामुळे ज्ञानेश्वरी किंवा नवनाथ भक्तिसार त्यात बांधताना कोणाच्या सोवळ्याला धक्का लागला नाही. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र या आवृत्त्यांत फारसे काही नाही. त्याने शोधायची ती शिळाछापाची आडवी पोथी: शेवटच्या पानावर शके आणि छापखान्याचे नाव शाबूत असलेली, पानांचे क्रमांक सलग असलेली, आणि शक्य तर मूळ फळ्या व रुमाल यांसकट, कारण विक्रीपूर्वी पहिल्यांदा फेकला जातो तो रुमालच.