पुणें आणि हार्वर्ड : एक विद्याव्यवहार

अलीकडे कोणत्याहि कॉलेजचें माहितीपत्रक उघडलें असतां परदेशांतील विद्यापीठांशीं झालेल्या करारांची यादी त्यांत हटकून आढळते. अमुक देशांत एक सत्र, तमुक देशांत उन्हाळी वर्ग, अशी ही यादी पालकांच्या मनावर छाप पाडते आणि मुलामुलींच्या डोळ्यांपुढें दूरचे किनारे उभे करते. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु दोन विद्यासंस्थांच्या संबंधांत देणारा कोण, घेणारा कोण, आणि त्या देवघेवींत दोघांचाहि मान राखला जातो कीं नाहीं, हे प्रश्न यादी वाचून सुटत नाहींत. त्यांसाठीं इतिहासाकडे वळावें लागतें. सुदैवानें अशा संबंधाचें एक उदाहरण आपल्या पुण्यांतच घडून गेलें आहे. त्यांत करारपत्र नव्हतें. व्यवहार मात्र चाळीस वर्षें चालला.

फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघालें, तेव्हां परदेशीं शिकावयास जाणें याचा आमच्या लोकांच्या मनांतील अर्थ ठरलेला होता : विलायतेस जावयाचें, तेथील परीक्षा द्यावयाची आणि पदवी घेऊन परत यावयाचें. या मार्गाचा सर्वोत्तम नमुना म्हणजे रँग्लर परांजपे. फर्ग्युसनचे हे विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ सालीं इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत गेले, १८९९ सालीं सीनियर रँग्लर झाले, आणि मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या असतांहि दिल्या वचनास जागून १९०२ सालीं आपल्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल होऊन बसले. हा मार्ग थोर खरा. परंतु तो एकेरी होता. विद्या तिकडून इकडे यावयाची. इकडून तिकडे जावयाची ती केवळ बुद्धि.

प्रवाह उलट दिशेनेंहि वाहूं शकतो, हें दाखविण्याचें काम एका अगदीं निराळ्या माणसाच्या वांट्यास आलें. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ सालीं गोव्यांतील सांखवाळ येथें झाला. इंग्रजी शाळा, मॅट्रिक, पदवी यांपैकीं कशाचाहि त्यांस स्पर्श नव्हता. बुद्धाच्या धर्माची ओढ लागून १८९९ सालीं त्यांनीं घर सोडलें. पुणें, काशी, नेपाळ अशी पायपीट करीत ते १९०२ सालीं सिंहलद्वीपांत पोंचले, आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणांत सुमंगल महास्थविरांपाशीं पाली शिकले. परदेशांतील शिक्षण म्हटलें कीं आपली नजर पश्चिमेकडेच जाते. परंतु ज्या विद्येच्या बळावर कोसंबी पुढें अमेरिकेस गेले, ती त्यांस दक्षिण समुद्रांतील एका बेटानें दिली होती, हें विसरतां कामा नये. पुढें कलकत्त्यास त्यांना पाली शिकविण्याची नोकरी मिळाली. तथापि ही विद्या महाराष्ट्रांत रुजावी ही तळमळ इतकी, कीं महाराष्ट्रांत राहण्याच्या अटीवर सयाजीराव गायकवाडांनीं दरमहा पन्नास रुपये देऊं केले, तेव्हां त्यांनीं ती नोकरी सोडली.

आतां क्षणभर अमेरिकेकडे वळूं. बोस्टनलगत असलेल्या हार्वर्ड विद्यापीठांत चार्ल्स लॅनमन हे संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांचे मित्र हेन्री क्लार्क वॉरन लहानपणीं गाडींतून पडून पाठीच्या कण्यास कायमचे दुखावलेले, पण श्रीमंत आणि विलक्षण व्यासंगी. या दोघांनीं १८९१ च्या सुमारास हार्वर्डची प्राच्य ग्रंथमाला सुरू केली. पांचव्या शतकांत बुद्धघोषानें सिंहलद्वीपांत रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ति काढण्याचा वॉरन यांचा संकल्प होता. परंतु १८९९ सालीं ते वारले आणि काम अर्धवट राहिलें. तें पुरें करील असा पाली पंडित तेथें कोण मिळणार ? त्याच विद्यापीठाचे जेम्स वुड्स हिंदुस्थानांत आले असतां कोसंबींपाशीं पाली शिकले होते. त्यांनीं त्यांचें नांव सुचविलें, आणि ज्यास एकहि पदवी नाहीं असा हा गोमंतकीय ब्राह्मण १९१० सालीं हार्वर्डला गेला तो शिष्य म्हणून नव्हे, तर तेथील अडलेलें काम मार्गीं लावणारा जाणकार म्हणून.

येथेंच या कथेची कसोटी लागते. ग्रंथ तयार होऊं लागला, तसा त्यावर संपादक म्हणून नांव कोणाचें घालावयाचें, असा प्रश्न उभा राहिला. लॅनमन व कोसंबी यांचें या बाबतींत जमलें नाहीं, आणि १९१२ सालीं काम तसेंच टाकून कोसंबी परत आले. कोणी म्हणेल, एवढ्याशा मानासाठीं केवढें कार्य अडवून धरलें ! आमच्या मतें त्यांनीं केलें तें योग्यच केलें. मुखपृष्ठावरील नांव हा केवळ अहंकाराचा विषय नव्हे. मजूर आणि भागीदार यांतील भेद तेथेंच लिहिला जातो. जो देश दुसऱ्याच्या ग्रंथांत कायम तळटीपेंतच राहण्यास राजी होतो, त्यास आपण कांहीं दिलें होतें याचीहि आठवण उरत नाहीं.

परत आल्यावर कोसंबी फर्ग्युसनमध्यें पालीचे अध्यापक झाले. मुंबई विद्यापीठांत या विषयास स्थान मिळावें म्हणून सर रामकृष्णपंत भांडारकरांनीं आपलें वजन खर्च केलें होतें. १९१८ पर्यंतच्या त्या सहा वर्षांत कोसंबींनीं बापट, भागवत, राजवाडे यांसारखे विद्यार्थी घडविले, आणि पाली ही विद्या महाराष्ट्रांत उभी राहिली. हार्वर्डशीं संबंधहि तुटला नाहीं. वुड्स यांच्या स्नेहामुळें १९१८ सालीं ते पुन्हां तिकडे गेले, पुढें १९२६ व १९३१ सालींहि गेले. लॅनमन निवृत्त झाल्यावर, १९२७ च्या सुमारास, संपादनाचें काम हातावेगळें झालें. १९१८ च्या खेपेस त्यांच्याबरोबर गेलेला अकरा वर्षांचा मुलगा दामोदर १९२९ सालीं हार्वर्डचा पदवीधर झाला, आणि १९३३ पासून बारा वर्षें त्यानें फर्ग्युसनमध्यें गणित शिकविलें. इतिहासकार म्हणून त्याची कीर्ति वाचकांस ठाऊक आहेच. पु. वि. बापट हे गुरूच्याच वाटेनें हार्वर्डला गेले, १९३२ सालीं तेथील डॉक्टर झाले, आणि त्यांनीं ‘विसुद्धिमग्गा’ची तुलना ‘विमुत्तिमग्गा’शीं करणारा ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध केला. ज्या पोथीनें गुरूस समुद्रापार नेलें, तीच शिष्याच्या विद्येचा पाया झाली.

ग्रंथाचें पुढें काय झालें ? आपल्याकडील विद्यार्थ्यांस रोमन लिपींतला महाग ग्रंथ कोठून मिळणार, या विचारानें कोसंबींनीं १९४० सालीं मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे त्याची नागरी आवृत्ति काढली. हार्वर्डची आवृत्ति छापून निघावयास मात्र १९५० साल उजाडलें. तोंवर वुड्स १९३५ सालीं, लॅनमन १९४१ सालीं, आणि कोसंबी ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें निवर्तले होते. वॉरन तर अर्धशतकापूर्वींच गेले होते. चौघांपैकीं कोणीहि तो ग्रंथ छापलेला पाहिला नाहीं. पण त्याच्या मुखपृष्ठावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंद कोसंबी हें नांव आहे.

या कथेचा अर्थ करार निरुपयोगी असतात असा कोणी घेऊं नये. प्रत्येकास वुड्ससारखा मित्र भेटत नाहीं. सामान्य विद्यार्थ्याची सोय करारानेंच होते. आमचें म्हणणें एवढेंच, कीं ज्याच्या हातीं देण्याजोगें कांहीं असतें त्याच्याशींच बरोबरीचा व्यवहार होतो. पुण्यापाशीं पाली होती, म्हणून हार्वर्डनें पुण्याची वाट धरली. पाल्यास परदेशीं धाडणाऱ्या आईबापांनीं तेथें काय मिळेल हें जरूर विचारावें. पण तो तेथें काय घेऊन जात आहे, आणि परत आल्यावर तें कोणास शिकविणार आहे, हेंहि एकदां विचारावें. कॉलेजांच्या चालकांसहि हाच प्रश्न विचारला पाहिजे. त्याचें उत्तर माहितीपत्रकांत छापतां येत नाहीं, तें वर्गांत आणि ग्रंथालयांत तयार करावें लागतें.